मतदारसंघाचा इतिहास लिहिताना आधी हद्द, मग निकाल: सांगोल्याचं उदाहरण

प्रश्न थोडक्यात असा आहे: आपल्या तालुक्याच्या विधानसभा मतदारसंघाचा पहिल्या निवडणुकीपासूनचा इतिहास लिहायचा आहे, आमदारांची यादी हाताशी आहे, तेवढ्यावर भागेल का, आणि पुढचं साहित्य कुठून, कोणत्या क्रमाने जमवायचं?

भागणार नाही. यादीत नाव, साल आणि पक्ष असतो. त्या त्या साली त्या नावाखाली कोणती गावं होती, हे यादी सांगत नाही. २००४ चा पंढरपूर मतदारसंघ आणि २००९ चा पंढरपूर मतदारसंघ यांचं नाव एक, पण दुसऱ्याच्या पोटात मंगळवेढा तालुका आहे आणि पंढरपूर तालुक्याचे लचके शेजारच्या तीन मतदारसंघांत गेलेले आहेत. दोन्ही निकाल एकाखाली एक लिहून ‘अमुक पक्षाची मतं घटली’ असं म्हणणं म्हणजे निव्वळ फसगत. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी हद्द, मग निकाल, मग माणसं. खाली सोलापूर जिल्ह्यातला क्रमांक २५३, सांगोला हा मतदारसंघ नमुन्याला घेतो. त्यात जवळजवळ प्रत्येक सापळा सापडतो.

हद्दीचा हिशेब टप्प्याटप्प्यानेच मांडायला हवा. पश्चिम महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर १९५२, १९५७, १९६२, १९६७ व १९७२ मिळून एक, १९७८ ते २००४ मिळून एक, आणि २००९ पासून आजवर एक, असे सहा टप्पे पडतात. १९५२ ला जुनं मुंबई राज्य, १९५७ ला ३९६ जागांचं विशाल द्विभाषिक, म्हणजे मराठी आणि गुजराती मुलूख मिळून एकच राज्य. १९६० साली त्यातल्या १३२ जागा गुजरातकडे गेल्या, २६४ आपल्याकडे राहिल्या, म्हणून १९६२ ची विधानसभा २६४ जागांची. १९६७ ला २७० झाल्या आणि १९७८ पासून २८८. हे आकडे पाठ असले की कुठल्याही तक्त्याची पहिली चाचणी लगेच घेता येते. १९७२ च्या निवडणुकीत मतदारसंघ क्रमांक २८० कुणी लिहिला असेल, तर तो तक्ता कुणीतरी नंतर बसून जुळवलेला आहे.

मराठवाड्यातल्यांनी आणि विदर्भातल्यांनी आणखी एक काळजी घ्यायची. १९५२ चे त्यांचे निकाल मुंबई राज्याच्या अहवालात शोधून मिळणारच नाहीत. मराठवाड्याचे हैदराबाद विधानसभेत आहेत, विदर्भाचे मध्य प्रदेशच्या. त्यातही उदगीर, अहमदपूर, निलंगा ही गावं त्या वेळी बीदर जिल्ह्याखाली येतात, आणि कोल्हापूरचं चंदगड बेळगाव जिल्ह्याखाली. जिल्ह्याच्या नावावरून शोधत बसलात तर ‘१९५२ ला आमच्याकडे मतदारसंघच नव्हता’ असा भलताच निष्कर्ष निघतो. त्याहून मागे, म्हणजे १९३७ आणि १९४६ पर्यंत जायचं असेल, तर संस्थानांची भानगड आहे. सांगोला ब्रिटिश मुलखात होता. शेजारचं मंगळवेढं मात्र सांगली संस्थानात. एका तालुक्यातल्या मोजक्या करदात्या मतदारांनी मुंबई विधानसभेसाठी मतदान केलं आणि पलीकडच्या तालुक्याचा त्या निवडणुकीशी संबंधच आला नाही. दोन्हींचा इतिहास एका प्रकरणात कोंबू नये.

आता सगळ्यात मोठा बदल, २००८ चा. न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या परिसीमन (हद्दी ठरवणाऱ्या) आयोगाने केलेली पुनर्रचना १९ फेब्रुवारी २००८ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने लागू झाली. आपल्याकडे तिच्यावरची पहिली विधानसभा निवडणूक ऑक्टोबर २००९ ची. त्याआधी तीस वर्षं १९७१ च्या जनगणनेवर बेतलेल्या हद्दी चालत होत्या, कारण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांचं फेरवाटप गोठवलं होतं. पुढे ८४ व्या दुरुस्तीने राज्यांच्या जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तशीच ठेवली, आणि ८७ व्या दुरुस्तीने राज्याच्या आतल्या हद्दी २००१ च्या लोकसंख्येवर बेतायला परवानगी दिली. म्हणजे २८८ हा आकडा जागचा हलला नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतला वाटा मात्र हलला.

सोलापूर जिल्ह्याच्या १३ जागांच्या ११ का झाल्या, याचं उत्तर चौकातल्या चर्चेत नेहमी कुणा नेत्याच्या डावपेचात शोधलं जातं. आधी भागाकार करून पाहावा. १९७१ ला राज्याची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख १२ हजार. भागिले २८८, म्हणजे एका जागेमागे १ लाख ७५ हजार. सोलापूर जिल्हा तेव्हा साडेबावीस लाखांचा, भागाकार १२.९, म्हणून १३. २००१ ला राज्य ९ कोटी ६८ लाख ७८ हजार. एका जागेमागे ३ लाख ३६ हजार. जिल्हा ३८ लाख ४९ हजार, भागाकार ११.४, म्हणून ११. लोकसंख्या वाढूनही जागा गेल्या, कारण ठाणे-पुण्याकडची वाढ आपल्याहून वेगाने झाली. डावपेच असलेच तर ते त्यापुढच्या पायरीवर: कोणतं महसूल मंडळ (तालुक्यातला काही गावांचा गट) कुणाकडे जोडायचं यावर. तिथे खरोखरच भरपूर जागा असते.

या ओढाताणीत मंगळवेढा आणि उत्तर सोलापूर ही दोन्ही राखीव नावं गेली. सांगोला टिकला, पण एकट्याने नाही. २००१ ला सांगोला तालुक्याची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास. सरासरी ३ लाख ३६ हजार, आणि आयोग साधारण १० टक्के कमीजास्त चालवून घेत होता. तालुका एकटा त्या मापात बसत नव्हता, म्हणून पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी महसूल मंडळ त्याला जोडलं गेलं. पंढरपूर तालुका अशा रीतीने पंढरपूर, माढा, मोहोळ आणि सांगोला या चार मतदारसंघांत विभागला. गाव पंढरपूर पंचायत समितीचं, तहसीलदार पंढरपूरचा, आणि आमदार सांगोल्याचा, हा भाळवणीकडचा रोजचा अनुभव याच भागाकारातून आला आहे.

आदेश वाचताना एकक नीट पाहावं. ग्रामीण भागात आयोगाने तालुका, मग महसूल मंडळ, आणि गरज पडली तिथे तलाठी सजा अशी उतरती एककं वापरली, शहरात वॉर्ड. ही एककं १५ फेब्रुवारी २००४ ला जशी होती तशी धरलेली आहेत. त्यानंतर मंडळं फोडून नवी झाली, सज्यांची फेररचना झाली, महापालिकांचे प्रभाग तर दर निवडणुकीला नव्याने पाडतात. आजची मंडळांची यादी घेऊन आदेश वाचला की पाच-दहा गावं इकडची तिकडे होतात, आणि चूक लक्षातही येत नाही, कारण मंडळाचं नाव तेच असतं. इलाज एकच: जिल्हा कार्यालयातून त्या वेळची सजानिहाय गावांची यादी मिळवायची आणि मतदारयादीच्या भागांवरून पडताळायची. मतदारयादीच्या प्रत्येक भागाच्या पहिल्या पानावर गाव, तालुका, मतदारसंघ आणि मतदान केंद्र छापलेलं असतं. वाद पडला तर त्या पानाइतका सोपा पुरावा दुसरा नाही.

क्रमांकांवर अजिबात विसंबू नये. २००४ पर्यंत क्रमांक १ म्हणजे सावंतवाडी होता, मोजणी कोकणातून सुरू होत होती. २००८ पासून क्रमांक १ अक्कलकुवा, शेवटचा २८८ जत, आणि सावंतवाडी २७० वर. दोन निवडणुकांचे तक्ते संगणकावर क्रमांकावरून जोडणारे तरुण हमखास इथे आपटतात. नावावरून जोडणाऱ्यांसाठी सोलापूरने वेगळी सोय करून ठेवली आहे. जुन्या टप्प्यात ‘उत्तर सोलापूर’ हा तालुक्याचा राखीव मतदारसंघ आणि ‘सोलापूर शहर उत्तर’ हा शहरातला. ‘दक्षिण सोलापूर’ तालुक्याचा आणि ‘सोलापूर शहर दक्षिण’ शहरातला. २००८ नंतर ‘शहर दक्षिण’ जाऊन ‘शहर मध्य’ आला. प्रसिद्ध झालेल्या याद्यांमध्येही या चौघांची अदलाबदल दिसते. सांगोल्याचंही स्पेलिंग कुठे ‘सांगोला’, कुठे ‘सांगोले’ असं येतं. स्वतःचा एक सांकेतिक क्रमांक करावा, ज्यात टप्पा आणि नाव दोन्ही असतील, आणि सगळे तक्ते त्याच्यावर जोडावेत.

निकालांसाठी पहिला आधार निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल. १९५१-५२ पासूनचे आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत. ते चांगले आहेत, पण चार गोष्टी ते सहज दाखवत नाहीत.

पहिली, द्विसदस्य मतदारसंघ. १९५२ आणि १९५७ ला अनेक ठिकाणी एका मतदारसंघातून दोन आमदार निवडून जात. त्यातली एक जागा बहुधा राखीव असे. मतदाराला दोन मतं असत. आधी राखीव जागा भरायची, म्हणजे राखीव प्रवर्गातल्या सर्वाधिक मतांच्या उमेदवाराची निवड, आणि मग उरलेल्या सगळ्यांत ज्याला जास्त मतं तो सर्वसाधारण जागेवर. राखीव प्रवर्गाचा दुसरा उमेदवारही तिथे निवडून येऊ शके. १९५७ ला आंध्रातल्या पार्वतीपुरम लोकसभा मतदारसंघात नेमकं तसं झालं. दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांना मिळाल्या, व्ही. व्ही. गिरी पडले आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६१ च्या कायद्याने अशा मतदारसंघांची विभागणी झाली. इतिहास लिहिणाऱ्याची चूक अशी होते की दोन विजेत्यांपैकी दुसऱ्याला तो ‘पराभूत’ समजतो आणि दोघांतल्या फरकाला ‘मताधिक्य’ म्हणतो. तिथे मताधिक्य काढायचंच असेल तर पहिल्या निवडून न आलेल्या उमेदवाराशी तुलना करावी. शिवाय एकूण मतं मतदारांच्या दुप्पट असू शकतात, म्हणून मतदानाची टक्केवारी अंधपणे काढू नये.

दुसरी गोष्ट पोटनिवडणुकांची. सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात त्या नसतात. सांगोल्यात याचा थेट परिणाम दिसतो. शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) गणपतराव अण्णासाहेब देशमुख इथून ११ वेळा निवडून आले, हे महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. पण अहवाल घेऊन मोजायला बसलात तर १९६२, १९६७, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ अशा दहाच भरतात. अकरावी १९७४ ची पोटनिवडणूक आहे. १९७२ ला काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील यांनी त्यांना हरवलं होतं. काकासाहेबांच्या निधनाने जागा रिकामी झाली. तुमच्या मतदारसंघात कुठल्याही पाच वर्षांत मध्येच आमदाराचं नाव बदललेलं दिसलं, तर राजपत्र आणि त्या महिन्यांची वर्तमानपत्रं काढावीत. शेजारच्या पंढरपुरात २०२० च्या नोव्हेंबरमध्ये भारत भालके वारले आणि २०२१ च्या पोटनिवडणुकीत समाधान आवताडे निवडून आले. हे ताजं असल्यामुळे सापडतं; १९६५ चं असं काही असेल तर मुद्दाम खणावं लागतं.

तिसरी, न्यायालयात पडलेल्या निवडणुका. निकालाविरुद्धची याचिका ४५ दिवसांत उच्च न्यायालयात करायची असते, आणि तिचा निर्णय कधी कधी मुदत संपल्यावर लागतो. विलेपार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक डॉ. रमेश प्रभू जिंकले. उच्च न्यायालयाने १९८९ ला ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब १९९५ ला झालं. निकालाच्या पानावर ते विजयीच दिसतात. म्हणून यादीत ‘निवडून आले’ आणि ‘सदस्य राहिले’ असे दोन रकाने ठेवावेत.

चौथी, पक्षांची संक्षिप्त नावं. १९७८ च्या अहवालात नुसतं ‘काँग्रेस’ असेल तर ती इंदिरा गांधींची नव्हे. त्यांची कंस करून ‘आय’ लिहिलेली. १९८० ला पुन्हा निराळी वाटणी. २०२४ ला दोन शिवसेना आणि दोन राष्ट्रवादी. पक्षाच्या नावाची सलग रेघ ओढून ‘इतकी वर्षं या पक्षाचा बालेकिल्ला’ लिहिण्याआधी त्या साली त्या नावाखाली कोण होतं ते पाहावं. सांगोल्यात तर रेघ पक्षाची ओढण्यापेक्षा माणसांची ओढलेली बरी. शहाजीबापू राजाराम पाटील १९९५ ला काँग्रेसकडून जिंकले, तेही अवघ्या १९२ मतांनी आणि गणपतरावांविरुद्ध. २०१४ ला ते शिवसेनेचे उमेदवार म्हणून ६९,१५० मतं घेऊन पडले, गणपतरावांना ९४,३७४. २०१९ ला गणपतराव नव्वदी ओलांडलेले, उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत यांना ९८,६९६ मतं आणि शहाजीबापूंना ९९,४६४. फरक ७६८. (शहाजीबापूंचं गाजलेलं ‘काय झाडी, काय डोंगर’ त्यानंतर तीन वर्षांनी.) २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी १,१६,२५६ मतं घेऊन जागा परत मिळवली, शहाजीबापू शिंदेंच्या शिवसेनेकडून ९०,८७०, आणि ठाकरेंच्या शिवसेनेचे दीपक साळुंखे ५०,९६२. पक्षांच्या रकान्यात हे ‘शेकाप, शिवसेना, शेकाप’ इतकंच दिसतं. माणसांच्या रकान्यात मात्र दोन गटांची तीस वर्षांची झुंज दिसते, आणि तिच्यात पक्षाचं चिन्ह बऱ्याचदा नंतर येतं.

गणपतरावांच्या ११ विजयांना ‘देशातला विक्रम’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. ते लिहू नये. केरळमध्ये के. एम. माणी पाला या एकाच मतदारसंघातून १३ वेळा निवडून आले, आणि ओमन चंडी पुदुपळ्ळीतून १२ वेळा. करुणानिधी १३ वेळा जिंकले, पण मतदारसंघ बदलत. महाराष्ट्रापुरतं बोलावं, तेही हद्द लक्षात ठेवून: १९६२ चा सांगोला आणि भाळवणी जोडलेला २०१४ चा सांगोला यांचं नाव एक आहे, मुलूख एक नाही. अर्थात एवढ्या बदलांतूनही तोच माणूस टिकला, म्हणजे त्याची पकड नकाशाच्या रेघेवर अवलंबून नव्हती, असा अर्थ काढला तर मी तो मान्य करीन. १९७२ आणि १९९५ चे दोन पराभव मात्र गाळू नयेत. गौरवग्रंथात ते गाळले जातात आणि मग ‘सलग ५० वर्षं’ असं धादांत चुकीचं वाक्य पुढे चालू राहतं.

यापुढचं काम कष्टाचं, पण इतिहास तिथेच जिवंत होतो. निवडणूक निर्णय अधिकारी अंतिम निकालाचा जो तक्ता करतो तो नमुना २०. कार्यालयात सगळे ‘फॉर्म ट्वेंटी’च म्हणतात. प्रत्येक मतदान केंद्राची एक ओळ. उमेदवारागणिक मतं, मग वैध मतांची बेरीज, नाकारलेली मतं, नोटा (‘वरीलपैकी कोणीही नाही’), एकूण आणि प्रदत्त मतं (आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर खऱ्या मतदाराने दिलेली). तळाशी यंत्रावरची बेरीज, टपाली मतांची वेगळी ओळ आणि सर्व मिळून एकूण. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर अलीकडच्या निवडणुकांचे हे तक्ते मिळतात, जुन्यांसाठी जिल्हा निवडणूक शाखेत अर्ज करायचा. मतपत्रिकांच्या काळात मोजणीआधी वेगवेगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका मिसळण्याची पद्धत होती, त्यामुळे त्या काळचं केंद्रनिहाय चित्र सहसा मिळत नाही. यंत्रं सर्वत्र आली २००४ ला. गावाने कुणाला मतं दिली, हे खात्रीने सांगता येतं ते तेव्हापासून. १९८५ ला ‘अमुक गावाने एकगठ्ठा मतं दिली’ असं कुणी छातीठोकपणे लिहिलं असेल तर ती आठवण आहे, नोंद नाही.

हा तक्ता बहुधा स्कॅन केलेला असतो, आडवा, फिका, आणि उमेदवारांची नावं उभी छापलेली. आकडे हाताने भरावे लागले तर प्रत्येक ओळीची बेरीज छापील बेरजेशी आणि प्रत्येक रकान्याची तळाशी जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नये. ३ आणि ८, १ आणि ७ यांची गल्लत हमखास होते. मग प्रत्येक केंद्रापुढे गावाचं नाव, महसूल मंडळ आणि तालुका लिहायचा. केंद्रांचे क्रमांक दर निवडणुकीला सरकतात, कारण मतदार वाढले की केंद्र फोडतात. २०१४ चं केंद्र १२० आणि २०१९ चं केंद्र १२० एकच असेल असं नाही. जोडणी गावावरून करावी, आणि एकाच नावाच्या दोन वाड्या असतील तर ग्रामपंचायतीवरून. टपाली मतं कुठल्याही गावात वाटू नयेत. त्यांची ओळ शेवटपर्यंत वेगळीच ठेवावी. टक्केवारी काढताना भाजक कोणता ते एकदाच ठरवावं. नोटा २०१३ पासून आला आणि तो वैध मतांत धरत नाहीत; अनामत वाचवायला लागणारा सहावा हिस्सासुद्धा वैध मतांचाच. कुणी एकूण मतांवर टक्के काढतो, कुणी वैध मतांवर, आणि मग दशांशावरून भांडणं होतात.

एवढं झालं की सांगोल्याच्या ७६८ मतांकडे नीट बघता येतं. केंद्रं तीनशेच्या आसपास धरली तर एका केंद्रामागे अडीच मतांचा फरक. अशा वेळी ‘कशामुळे पडले’ याचं एक कारण सांगणारा माणूस थापा मारतो. अडीच मतं कशानेही फिरतात. विचारण्याजोगा प्रश्न निराळा: सांगोला तालुक्यातली केंद्रं वेगळी आणि भाळवणी मंडळातली केंद्रं वेगळी बेरीज करा. दोन्हींत आघाडी कुणाची होती? २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा चारही निवडणुकांची ही दोन-दोन बेरजांची यादी मांडली की २००८ च्या पुनर्रचनेने मतदारसंघाचं काय केलं ते आठ आकड्यांत समोर येतं. माझ्या मते प्रत्येक मतदारसंघाच्या इतिहासात हा छोटा तक्ता असायलाच हवा. आमदारांच्या रंगीत फोटोंना जागा नंतर मिळेल.

आरक्षणाबद्दल थोडं, कारण इथे गैरसमज फार. विधानसभेचं आरक्षण ग्रामपंचायतीसारखं दर वेळी फिरत नाही. एकदा ठरलं की पुढच्या पुनर्रचनेपर्यंत तेच. अनुसूचित जमातींसाठी जिथे त्यांचं प्रमाण सर्वाधिक तिथे, आणि अनुसूचित जातींसाठी प्रमाण जास्त असलेल्या ठिकाणी, पण राज्यभर विखरून, असा कायद्याचा दंडक आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या जागा १८ वरून एकदम २९ झाल्या. १९७१ च्या जनगणनेत त्यांचं प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास नोंदलं गेलं, कारण धर्मांतरित बौद्धांना त्या यादीत धरत नव्हते. १९९० च्या दुरुस्तीने त्यांना अनुसूचित जातींचा दर्जा मिळाला आणि २००१ ला प्रमाण दहा टक्क्यांवर गेलं. १८ ला ‘कमी’ आणि २९ ला ‘वाढीव’ म्हणण्याआधी हे माहीत असावं. जमातींच्या जागा २२ च्या २५ झाल्या.

आरक्षण पडलं की राजकारण कसं सरकतं हे पाहायला सांगोल्याच्या हद्दीवरच माळशिरस आहे. १९८० पासून विजयसिंह मोहिते-पाटलांचा असलेला हा मतदारसंघ २००८ ला राखीव झाला. ते २००९ ला पंढरपुरात उभे राहिले आणि भारत भालकेंकडून हरले. तिकडे पंढरपूर हा राखीव लोकसभा मतदारसंघच नकाशावरून गेला. रामदास आठवले शिर्डीला गेले आणि पडले. नव्या माढा लोकसभा मतदारसंघातून शरद पवार उभे राहिले. सांगोला त्या माढ्यात करमाळा, माढा, माळशिरस, फलटण आणि माण यांच्याबरोबर आहे, म्हणजे दोन जिल्ह्यांत. एका रेघेने किती माणसं हलली ते मोजा. आणि यातलं काहीही सांगोल्याच्या आमदारांच्या यादीत दिसत नाही.

प्रतिनिधित्व म्हणजे काय केलं, हे मोजायला निकाल अपुरे पडतात. त्यासाठी विधानसभेच्या कार्यवाहीचे खंड उघडावे लागतात: तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, अशासकीय ठराव. सुरुवात एखाद्या दुष्काळी वर्षापासून करावी, १९७२-७३ किंवा २०१२-१३; त्या अधिवेशनांत तालुक्याचं नाव वारंवार येतं आणि आमदाराची पद्धतही कळते. गणपतराव बहुतेक काळ विरोधी बाकांवर होते. मंत्रिपद १९७८ आणि १९९९ च्या सरकारांत. विरोधात राहून काम होतं का, याचा शोध घ्यायला सांगोल्यासारखी जागा नाही, कारण इथला मूळ प्रश्न पाण्याचा, आणि ते पाणी मतदारसंघात नाहीच. टेंभू उपसा योजनेचं पाणी कराडजवळ कृष्णेतून उचलायचं, सातारा आणि सांगली ओलांडून आणायचं. एकट्या आमदाराच्या आवाक्यातलं ते नव्हतं. म्हणून नागनाथअण्णा नायकवडी आणि गणपतराव यांनी तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद आटपाडीत उभी केली. कृष्णेच्या पाण्यासाठी तयार झालेला हा एक वेगळाच मतदारसंघ होता, निवडणूक आयोगाच्या नकाशात नसलेला. टेंभू आणि म्हैसाळ या योजनांच्या मंजुऱ्या, सुधारित मान्यता आणि प्रत्यक्ष पाणी आल्याची वर्षं एका बाजूला आणि परिषदेचे ठराव दुसऱ्या बाजूला ठेवून वाचावेत. आमदार निधीच्या कामांची यादी जिल्हा नियोजन कार्यालयात मिळते. ती घ्यावी, पण समाजमंदिरं आणि पेव्हर ब्लॉक मोजून कुणाचं प्रतिनिधित्व ठरवू नये.

शेवटची तुलना मताच्या वजनाची. २००१ च्या लोकसंख्येवर सारखे पाडलेले मतदारसंघ २०२४ ला सारखे राहिले नव्हते. पनवेलमध्ये साडेसहा लाख मतदार, वडाळ्यात दोन लाखांच्या थोडे वर. दोघांनाही आमदार एकच. तुमच्या मतदारसंघाच्या मतदारसंख्येला राज्याच्या सरासरीने भागून प्रत्येक निवडणुकीसमोर लिहा, १.० च्या वर किती, खाली किती ते कळेल, आणि पुढच्या पुनर्रचनेत काय होऊ शकतं याचा अंदाजही येईल.

ती पुनर्रचना २०२६ नंतरच्या जनगणनेचे आकडे आल्यावर व्हायची आहे. म्हणून केंद्रांची यादी, भागांची पहिली पानं आणि नमुना २० आत्ताच उतरवून ठेवा, आणि प्रत्येक फाइलच्या नावात निवडणुकीचं वर्ष आणि ‘२००८ ची हद्द’ असं लिहा. मंडळनिहाय बेरजांची प्रत कागदावरही छापून ठेवा. नवा आदेश आला की प्रत्येक मंडळापुढे फक्त नव्या मतदारसंघाचं नाव लिहायचं उरेल.